केसरबाईचा हंडा

साक्रीत कुणाच्या घरी काय शिजतं, हे त्यांच्या चुलीआधी मला कळायचं. देवचंदनानांनी बायकोचा लग्नातला तांब्याचा हंडा कापला, ही बातमी गावभर मीच पोचवली. साल अडुसष्ट.

नाना तोतारामच्या रोशा गवताच्या तेलभट्टीवर कारागीर. त्या तेलातला उंची वासाचा भाग वेगळा काढायला ते तीनदा वाफेवर चढवावं लागे. त्यासाठीचं लाकूड त्यांची बायको केसरबाई डोक्यावरून आणायची. मान कायमची एका अंगाला कलली होती बिचारीची.

तिची मोळी हलकी व्हावी म्हणून नाना दोन वर्षं घरच्या भिंतीवर कोळशानं एक खांब काढत होते. उंच, आत भोकांच्या नऊ थाळ्या. वाफ वर चढणार, निवलेलं तेल खाली उतरणार, थाळीथाळीवर दोघांची गाठ पडणार आणि तीच ऊब पुन्हा कामाला येणार. खालून निघणाऱ्या गरम पाण्यानं नवं तेल आधीच तापवायचं. तीन जाळांचं काम एका जाळात.

नवव्या थाळीला तांब्याचा पत्रा पुरेना. हंडा तिनंच पुढे केला.

"वहिनी, सवत आणताय घरात!" मी म्हणालो.

"राहू द्या भाऊ, मन्ही मान ते वाची जाई!"

खांब पहिल्याच दिवशी चालला. तोतारामनं पेढे वाटले. "नाना, कमाल केली! लाकूड वाचलं ना? मग आता तिप्पट तेल काढू!"

नाना पेढा हातात धरून उभेच राहिले. मोळी तेवढीच राहिली, वर तिप्पट गवत शिजवायला दिवसाची एक खेप वाढली.

पुढच्या चैत्रात नाल्याच्या उतारावर केसरबाई मोळीसकट पडली. उठली नाही.

तेराव्यानंतर नाना पाना घेऊन भट्टीवर आले. तोताराम घाबरला. नानांनी फक्त एक थाळी काढली, तिथं नवी बसवली, खांब पेटवून तपासला आणि काढलेली थाळी घेऊन निघाले. पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

मी त्यांना घराच्या ओट्यावर गाठलं. जिभेला हाड नव्हतंच माझ्या. "आता काय, गाळणी करणार का हिची?"

त्यांनी थाळी माझ्यापुढे धरली. तिच्यावर हंड्यावरचं कोरलेलं नाव होतं: केसर. मधल्या अक्षरातून आरपार एक भोक गेलेलं. त्यावर बोट ठेवून नाना म्हणाले, "हाई भोक मीच पाडं."