डावा प्रोसेसर, उजवा प्रोसेसर

सांगलीच्या छपाईच्या इतिहासात दोनच युगे मानावी लागतील : दोन प्रोसेसरांच्या आधीचे आणि नंतरचे. नव्वदचे दशक सरत आले तेव्हा माझे असे ठाम मत होते. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत होतो आणि ठाम मते संगणकाच्या मासिकांतून मिळत होती.

सांगलीत मामांचा छापखाना होता. जुळणीचे शिशाचे खिळे जाऊन तिथे संगणक आला होता, पण तोही थकला होता. एका सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल दरवर्षी मामांकडे असे. पहिल्या पानावर चेअरमनांचा फेटा बांधलेला रंगीत फोटो. तो पडद्यावर उघडायला घातला की मामी चहाचे आधण ठेवत. चहा पिऊन होईस्तोवर फेटा दिसू लागे. मिशीला आणखी वेळ लागे. यंदा सगळ्या संचालकांचे फोटो रंगीत हवे होते, आणि निरोप आला होता की सभेआधी जमणार नसेल तर काम कोल्हापूरला जाईल. ते गेले असते तर छापखान्याला लग्नपत्रिकांवर जगावे लागले असते, आणि लग्ने काही बारा महिने होत नाहीत.

मी सुचवले, दोन प्रोसेसरांचा नवा संगणक जोडू.

"म्हंजे जोडी?" मामांनी विचारले.

"जोडीच."

"मग मी येतो. जोडी एकट्यानं घ्यायची नसती."

मामा मूळचे कुंडलचे. बैल घ्यायला निघालेले लोक एके काळी त्यांना पारखायला बरोबर नेत असत.

संगणकाचे दुकान पहिल्या मजल्यावर होते. त्या काळी पेंटियम टू प्रोसेसर एखाद्या जाड काळ्या कॅसेटसारखा दिसे. दुकानदाराने दोन काढून काचेवर ठेवले. मामांनी एकेक उचलला, उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला आणि चष्मा कपाळावर ढकलून त्यावरची बारीक अक्षरे वाचली.

"ही जोड न्हाई."

"काका, दोन्ही एकाच वेगाचे आहेत."

"वेग असंल सारखा. पन शिक्के वायले हायत."

"शिक्क्याला काय करायचंय? आत सगळं तेच."

"आवं, दोन दावणींची जनावरं ही. एक वढंल, दुसरं बघत बसंल."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तोंड लपवायला मी प्रोसेसर ज्यावर बसवायचे त्या मदरबोर्डचे माहितीपुस्तक उघडले. त्यात लिहिले होते : दोन्ही प्रोसेसर एकाच वेगाचे आणि एकाच आवृत्तीचे असावेत, आवृत्ती वरच्या क्रमांकावरून ओळखावी. मी ते मोठ्याने वाचले. दुकानदाराने दोन्ही परत ठेवले आणि पुण्याला फोन लावला.

"आता ह्यात डावा कंचा, उजवा कंचा?"

इलेक्ट्रॉनिक्समध्ये असे काही नसते, हे मी त्यांना सावकाश समजावून सांगितले. मग पुढचे पान उलटले. एक खाच मुख्य होती. प्रोसेसर एकच असेल तर तो तिथेच बसवायचा, आणि दुसऱ्या खाचेत बोर्डाच्या बॉक्समधून आलेला, नुसती जागा भरणारा मुका तुकडा घालायचा. ती रिकामी ठेवायची नाही.

"व्हय तर," मामा म्हणाले. "जू एका अंगाला मोकळं सोडून भागतंय व्हय?"

त्यानंतर मामांना उत्तर देण्याआधी मी पुस्तक बघू लागलो.

मदरबोर्ड दोन होते. एकाच्या बॉक्सवर लढाऊ विमान होते. माझा कल तिकडे होता. दुसरा साधा, पण त्याला मेमरीच्या खाचा जास्त. त्या कशाला, असे मामांनी विचारले.

"काम करताना लागणारं सगळं तिथं ठेवलेलं असतं."

"म्हंजे गव्हाण."

"हो, तसंच."

"मग मोठ्या गव्हाणीचा घे, गड्या. खाणारी तोंडं दोन हायत. आन् गव्हाण भरून घे, रिकामी चाटायला न्हवं."

चार दिवसांनी पुण्याहून जुळी जोडी आली. संगणक जोडला. सुरू करताच पडद्यावर दोन्ही प्रोसेसर मोजले गेले. मामींनी हळदकुंकू वाहिले. नारळ, माझ्या विनंतीवरून, बाहेर फोडला. दोन प्रोसेसर ओळखणारी विंडोज एनटी मी घातली आणि मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम सुरू केला. कोणी फुकट नक्कल करू नये म्हणून तो संगणकाच्या मागे खोचलेल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक कुलपावर चाले. कुलूप सापडत नाही, असे तो म्हणाला. चारदा म्हणाला. विकणाऱ्याला फोन केला.

"एनटीवर नाही चालत साहेब. विंडोज अठ्ठ्याण्णव घाला."

विंडोज अठ्ठ्याण्णवला एकच प्रोसेसर कळत असे. वेग, आवृत्ती, खाचा, पंखे, सगळे मी तपासले होते. मामांचा छापखाना कोणत्या भाषेत चालतो, तेवढे राहिले होते. सभेला अकरा दिवस उरले होते. मी मुकाट्याने अठ्ठ्याण्णव घातली आणि चेअरमनांचा फोटो उघडला. मामी आधण ठेवायला उठत होत्या, तोवर फेटा आणि मिशी एकदमच आली.

ही करामत गव्हाणीची होती. एरवी फोटोसाठी जुना संगणक हार्ड डिस्क खरवडत बसे. इथे सगळे फोटो मेमरीत मावले.

"डावा वढतोय का रं?" मामांनी हळूच विचारले.

"नाही."

"ऱ्हाऊ दे. जू तर सरळ हाय."

अहवाल दोन दिवस आधी गेला. सभेत चेअरमन म्हणाले की संस्थेचा अहवाल यंदा दोन मेंदूंच्या संगणकावर तयार झाला आहे. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या प्रोसेसरने त्या छापखान्यात शेवटपर्यंत मुक्या तुकड्याचे काम केले. मुका तुकडा बोर्डाबरोबर फुकट आला होता.