वाढत्या अंगाचा स्कोप

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा माझ्या मोठ्या दिरांवर राग आहे आणि तो जाईल अशी लक्षणं नाहीत. यतिन, माझा नवरा, म्हणतो, "दादाचं मन चांगलं आहे गं." असेल. त्या मनाचं काय लोणचं घालायचंय? शेळी मेली ती मेलीच.

शेळी माझ्या मोठ्या जावेची, चित्रलेखावहिनींची. वहिनी ठाण्यात वाढल्या आणि लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आल्या, "वाढत्या अंगाचं घ्या." शाळेचा फ्रॉक गुडघ्याच्या खाली, बुटांत पुढे कापूस कोंबलेला. मला एकदा म्हणाल्या, "सुरुची, तो फ्रॉक मला नीट बसायला लागला तेव्हा त्याचा रंग उडालेला होता." लग्न करून मेलबर्नला आल्या तर नवराही त्याच पठडीतला. मूल एकच, रुद्र, पण घर पाच बेडरूमचं आणि गाडी सात सीटची. "उद्या लागलं तर?" हे मोहनभाऊजींचं ब्रीदवाक्य. ती बस पार्क करायची वहिनींनी, पाच बेडरूमना व्हॅक्यूम मारायचा वहिनींनी. भाऊजी फक्त अभ्यास करणार. टोस्टर घ्यायचा तरी ह्यांची महिनाभर एक्सेल शीट चालू.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं आयुष्य काढल्यावर वहिनींनी मॅन्सफील्डजवळ, डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली. लहानसं घर, एक शेड आणि शेळ्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचं काहीतरी. रायफलचं लायसन्सही त्यांचंच, कारण तिथे कोल्हे आणि डोंगरातले जंगली कुत्रे करडांवर टपलेले असतात. वहिनींच्या मागोमाग तिथे राहायला आलेल्या भाऊजींनी बंदुकीला कधी बोट लावलं नाही. "मला आवाज सहन होत नाही," म्हणतात. बरं, नसेल होत.

दोन हजार वीसच्या जुलैत मी चार दिवस राहायला म्हणून गेले आणि मागे लॉकडाऊनने मेलबर्न बंद झालं. यतिन ट्रुगानिनाच्या आमच्या घरून फोनवर म्हणाला, "तू तिथेच थांब, काम काय तिथूनही होईल. इथे भिंतींकडे बघत बसशील." थांबले. शेळ्या विण्याचे दिवस होते, आणि नेमका तेव्हाच वहिनींचा जुना स्कोप गेला. स्कोप म्हणजे रायफलवर बसवतात ती नेम धरायची दुर्बीण. आत पाणी शिरून काच दुधाळ झाली. त्या रायफलला नेम धरायला दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे स्कोप नाही तर रायफल नसल्यात जमा.

वहिनींना काय हवं ते पक्कं ठाऊक होतं. चहा गाळता गाळता मला म्हणाल्या, "कोल्हा येतो शेडच्या कोपऱ्यावर, अगदी अंगणात आल्यासारखा. कुत्रे दिसतात पलीकडच्या उतारावर, दीडशे मीटर लांब. एकाच स्कोपने दोन्ही जमलं पाहिजे. एक ते सहा पुरे." म्हणजे एकवर ठेवला की साध्या डोळ्यांनी दिसतं तसंच दिसतं. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, मध्ये लाल ठिपका, आजूबाजूला शेळी कुठे, कुंपण कुठे, सगळं नजरेत. आणि फिरवून सहावर नेला की उतारावरचा कुत्रा सहापट मोठा. एवढंच! दिवसभर कोडिंग करणाऱ्या मला ते चहा संपायच्या आत कळलं.

भाऊजींना नाही कळलं. त्यांनी झूमवर मीटिंग लावली. अहो, खरंच सांगते! स्वतः भाऊजी, यतिन, आणि भाऊजींचे मित्र गुरुदत्त आणि शिरीष. ह्या चौघांपैकी एकानेही जत्रेतल्या फुग्यांपलीकडे कशावर नेम धरलेला नाही. ते चौघं वहिनींच्या स्कोपवर खल करत बसले आणि वहिनी मागे ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. त्यांना कुणी विचारलं? नाव सोडा.

"सहापट म्हणजे काहीच नाही यार," गुरुदत्त म्हणाला. "माझ्या फोनचा झूम ह्याहून जास्त आहे."

"सहा ते चोवीस मिळतोय," भाऊजी म्हणाले. "सहा तर त्यात आहेच, वर चोवीसपर्यंत जातो. वाढत्या अंगाचा घेऊन ठेवू."

वहिनी लाटणं हातात घेऊनच पुढे आल्या. "अहो, मला खालचा एक हवाय. वरच्या चोवीसचं मी काय करू? चंद्र बघू?"

सगळे हसले. माझा नवराही हसला, त्याचा हिशोब मी नंतर चुकता केला. भाऊजी म्हणाले, "अगं, उद्या लागलं तर?" आणि क्लिक. ऑर्डर गेली. वहिनी परत पोळपाटाकडे गेल्या. मी मागे जाऊन म्हटलं, "वहिनी, कॅन्सल करायला लावा ना!" तर म्हणाल्या, "रोजची जाग्रणं चालू आहेत गं शेडमध्ये. भांडायला त्राण नाही." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

पोस्टाची तेव्हा सगळीकडे बोंबच होती. ऑगस्ट उजाडला तेव्हा खोकं आलं. स्कोप कसला, मुसळ! वहिनींनी तो बसवला, बांधावर कागद लावून नेम जुळवला. शंभर मीटरवर गोळ्या एकाच जागी. भाऊजी कानात बोळे घालून टाळ्या वाजवत होते. "बघ! म्हटलं नव्हतं?" फोटो ग्रुपवर गेले, अंगठे आले. वहिनी म्हणाल्या, "लांबचं ठीक आहे हो, जवळचं काय? मी दुसरा मागवते." तर भाऊजींचं तोंड उतरलं. "आता ह्यात काय वाईट आहे? वापरून तर बघ." वहिनींनी वापरून बघायचं ठरवलं.

बकुळा ही वहिनींची पहिली शेळी, तपकिरी रंगाची. वहिनींनी हाक मारली की कळप सोडून यायची आणि त्यांच्या स्वेटरची बाही चघळत उभी राहायची. तिला नुकतीच दोन करडं झाली होती. एका संध्याकाळी आम्ही दोघी शेड बंद करायला निघालो, रायफल वहिनींच्या खांद्यावर होती, आणि आतून एकदम आरडाओरडा झाला तशा आम्ही धावलो. बकुळासारख्याच तपकिरी रंगाचा कुत्रा कुंपणावरून आत आला होता. बकुळा करडांच्या पुढे उभी राहिली आणि त्याने तिची मान धरली. आमच्यापासून इथून त्या दारापर्यंत, एवढ्यावर.

वहिनींनी रायफल उचलली. स्कोपला डोळा लावला. मी ओरडले, "वहिनी, मारा!" त्यांनी डोळा काढला, बघितलं, परत लावला, स्कोपची कडी पिळून खालच्या टोकाला, सहावर आणली. परत डोळा काढला. गोळी सुटेना. "मारा ना वहिनी!" आणि मग त्या रायफल खाली धरून, तोंडाला येईल ते ओरडत सरळ कुत्र्याच्या अंगावर धावल्या. कुत्रा पळाला. बकुळाचा गळा फाटलेला होता, जीव जात नव्हता. वहिनींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि अगदी जवळून गोळी घातली. त्यासाठी स्कोप लागला नाही.

आवाज ऐकून भाऊजी स्लिपर घालून धावत आले. "काय झालं? मारलास का कुत्रा?"

वहिनींनी उरलेल्या गोळ्या काढल्या, गोळी चढवायचा बोल्ट काढून खिशात टाकला आणि रायफल स्वतःच्या हातात घट्ट धरून त्यांच्यासमोर आडवी केली. "डोळा लावा. त्या कोपऱ्यात बघा." कोपऱ्यात दुसऱ्या शेळ्या भेदरून एकीला एक चिकटून उभ्या होत्या.

"काय दिसतंय?"

"तपकिरी," भाऊजी म्हणाले. "काहीतरी तपकिरी. धूसर आहे गं, फोकस..."

"फोकस एवढ्या जवळ येत नाही. कुत्रा आहे की शेळी?"

भाऊजी डोळा बारीक करून बघत राहिले.

"तोंड कुठे, पोट कुठे? मागे करडू उभं आहे का? सांगा ना! मलाही तपकिरीच दिसत होतं. तुम्ही सांगा, कुठे मारू?"

मी आयुष्यात वहिनींचा असा आवाज ऐकला नव्हता. भाऊजींनी डोळा काढला, बकुळाकडे बघितलं आणि घरात निघून गेले. सॉरी नाही, काही नाही. खड्डा आम्ही दोघींनी खणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी माझ्या फोनवरून एक ते सहा मागवला. कुणाला विचारलं नाही. सप्टेंबरात आला. आठवड्याच्या आत शेडच्या कोपऱ्यावर कोल्हा, दोन्ही डोळे उघडे ठेवून एका गोळीत. मग एका सकाळी उतारावर तो कुत्रा दिसला. वहिनी बांधावर पालथ्या पडल्या, कडी सहावर फिरवली, कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. तोच असल्याची खात्री पटल्यावर चाप ओढला. उठून गुडघे झटकले आणि म्हणाल्या, "चल, करडांची बाटलीची वेळ झाली."

त्या शनिवारी परत झूम. गुरुदत्तने विचारलं, "काय मोहन, कसा काय तुमचा चोवीसवाला?"

भाऊजींनी घसा साफ केला. "नाही, शेवटी आम्ही एक ते सहा घेतला. पूर्ण अभ्यासाअंती."

आम्ही! अभ्यासाअंती! मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी उठल्या. एका काखेत बकुळाचं करडू, हातात दुधाची बाटली. भाऊजींच्या खांद्यावरून पडद्यासमोर वाकल्या.

"अभ्यास ह्यांनी नाही केला, गुरुदत्त. माझ्या बकुळाने केला. जीव गेला तिचा त्यात."

पडद्यावर यतिन खाली बघत होता. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "अगं, सगळ्यांसमोर काय..."

"ऑर्डरही सगळ्यांसमोरच दिली होतीत," वहिनी म्हणाल्या आणि करडाच्या तोंडात बाटली धरली.