उतार पाहणारा

अड्याळच्या आमच्या धानाच्या बांधीत पाणी एका कोपऱ्यात तुंबायचं आणि दुसरा कोपरा कोरडा राहायचा. म्हणून रोवण्याआधी चिखल सपाट करायला एका मजुराला बोलावलं होतं. आल्या आल्या तो बांधीच्या कडेच्या मातीच्या पारीवर उकिडवा बसला, एक डोळा मिटला आणि दोन बोटांत काठी लोंबती धरून नुसता बघत राहिला. मला वाटलं, पक्का कामचुकार आहे.

“काय पाहून राहिले?” मी जरा तिरसटपणेच विचारलं.

“उतार पायतो जी. पुण्याले बारा साल कॅडी होतो. गोल्फवाल्याची बॅग उचलू अन् बॉल कोणीकडे वळन ते सांगू. माहा सायब एका साली कप जितला, पेपरात फोटो आला. पुढच्या साली दोनच दिवसात स्पर्धेच्या बाहेर.”

“मंग तुमाले कसं वाटे?”

“बॅग तेवढीच जड लागे जी. जितला तवाही, हारला तवाही.”

दुपारपर्यंत त्यानं फावड्यानं इकडचा चिखल तिकडे ओढला. मग पाणी सोडलं. ते हळूहळू चारही कोपऱ्यांत सारखं पसरलं. तो पारीवर ताठ उभा राहिला आणि जिंकलेला खेळाडू उचलतो तशी डोक्यावरची टोपी उचलली.

बघायला मी एकटाच होतो. मी टाळ्या वाजवल्या.