दोन बोटे कमी पडलेला पट्टा

अर्जदार: मी स्वतः, नववीपर्यंत शिकलेला, वीस वर्षांहून अधिक काळ मामलतदार कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा, मूळ खानदेशचा, हल्ली मुक्काम उधना, सुरत. प्रतिवादी: मुलीच्या गिर्यारोहण मंडळाचे प्रशिक्षक. तारीख: गेल्या वैशाखातला शेवटचा रविवार. साक्षीदार: माझी पत्नी, माझी मुलगी आणि सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माग दुरुस्त करणारे आमचे शेजारी. वादवस्तू: क्रॅम्पॉनची एक जोडी, म्हणजे बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाच्या तळाला बांधायचे दातेरी लोखंड.

मुलीची हिमालयातल्या शिबिरासाठी निवड झाली होती. साहित्य स्वतःचे आणायचे होते, आणि ज्याचे साहित्य तपासणीत नापास होईल त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. बूट आणि क्रॅम्पॉन आम्ही एका निवृत्त गिर्यारोहकाकडून वापरलेले घेतले.

घरात नवे लोखंड आले की त्याची पूजा होते. पत्नीने क्रॅम्पॉन बुटांना लावून, जोडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिले आणि मुलीला बजावले, "आते पाय नको लावू, हयदकुकू लायेल शे." त्यामुळे जोडणीचे सर्व काम मी रिकाम्या बुटांवर केले. क्रॅम्पॉनचा पुढचा आणि मागचा भाग जोडणारी मधली पट्टी तळाच्या लांबीला बसवली, पट्टे आवळले, लोंबणारी टोके कापली आणि उसवू नयेत म्हणून मेणबत्तीवर धरली. काम देखणे झाले होते, हे मी आजही सांगेन.

रविवारी सकाळी मंडळाच्या मैदानावर मुलीने लोकरीचे दोन मोजे चढवून पाय आत घातला. बूट फुगला, आणि पट्टा बकलापासून दोन बोटे अलीकडेच थांबला. प्रशिक्षकांनी सर्वांदेखत हसून विचारले की हे मुलीसाठी बांधले होते की बाहुलीसाठी. वहीत तिच्या नावापुढे त्यांनी "साहित्य अयोग्य" असा शेरा मारला आणि संध्याकाळी पाचपर्यंत मुदत दिली. आम्ही रिक्षाने घरी परतलो.

शेजाऱ्यांनी पट्टे पाहिले आणि कारखान्यात उरलेला नायलॉनचा जाड पट्टा व चामडे शिवायची आरी घेऊन आले. त्यांची पहिली अट अशी की माप पायावरच घ्यायचे. पत्नी दारात आडवी उभी राहिली. पूजेच्या वस्तूत पाय घालणे तिला मान्य नव्हते.

"वहिनी," ते म्हणाले, "आम्ही रोज मागाच्या फळीला हात लावून नमस्कार करतो, आणि मग तिच्यावरच उभं राहून काम करतो. पाय लागला म्हणून माग कधी रुसला नाही."

पत्नी दारातून बाजूला झाली. मग मुलीला म्हणाली, "नमस्कार कर नि घाल पाय."

मुलीने मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. फुगलेल्या बुटाला क्रॅम्पॉन घट्ट बसेना, म्हणून मी मधली पट्टी एका भोकाने पुढे घेतली. शेजाऱ्यांनी दुहेरी टाक्यांनी नवा पट्टा जोडला. चालताना एका पायाचे दुसऱ्यात अडकू नये म्हणून बकले मी बाहेरच्या अंगाला ठेवली, आणि या वेळी मोकळे टोक वीतभर राहू दिले. कात्रीला हातच लावला नाही.

साडेचारला आम्ही चौघेही मैदानावर हजर झालो. प्रशिक्षकांनी पट्टे सोडले, बूट उलटा धरला आणि गदागदा हलवला. लोखंड तळाला चिकटून राहिले. पट्टे पुन्हा बांधून त्यांनी मुलीला मातीच्या उंच ढिगावर चढायला लावले. माती कडक वाळलेली होती. मुलगी दाते रोवत, पाय फाकवून, सरळ वर गेली, उतरली आणि न सांगता पुन्हा चढली. प्रशिक्षकांनी खाली बसून दोन्ही हातांनी पट्टा ओढला. सकाळचे हसू त्यांच्या चेहऱ्यावर उरले नव्हते.

"काका, आ तो हलतुं ज नथी," ते गुजरातीत म्हणाले, म्हणजे हे तर हलतच नाही.

माझ्या पत्नीने त्या ढिगासमोर उभे राहून टाळ्या वाजवल्या. लग्नाच्या वरातीतही मी तिला टाळ्या वाजवताना पाहिले नव्हते. मुलीची जागा पक्की झाली आणि ती आता जाणार आहे.

तथापि वहीत "योग्य" हा नवा शेरा लिहिताना प्रशिक्षकांनी जुना शेरा खोडलेला नाही. दोन्ही शेरे माझ्या मुलीच्या नावापुढे आजही शेजारी शेजारी आहेत. तरी नम्र विनंती की, पहिला शेरा मुलगी गाडीत बसण्यापूर्वी लाल शाईने रद्द करून त्याखाली सही करावी, चूक जोडणाऱ्याची होती, चढणारीची नव्हती, एवढे त्यात नमूद करावे, आणि तसे केल्याचे अर्जदारास लेखी कळवावे.