उजवा पाय पुढं

ग्रीसबाखच्या खोऱ्यात आज बर्फावर कुठं जायचं, हे कुणी नकाशा उलगडून ठरवत नाही. झेन्झीला विचारतात.

झेन्झी ओबरलेखनर स्कीबसची ड्रायव्हर. एकतीस हिवाळे तिनं त्या पिवळ्या बसचं चाक धरलंय, आणि आसपासच्या पाच खोऱ्यांतला एकेक उतार तिला असा ठाऊक आहे, जशी गवळ्याला आपली गाय. कुठली लाथ मारते, कुठली सकाळी भरभरून देते नि दुपारी आटते. माणसं बसमध्ये चढता चढता विचारतात, ती आरशातून आधी त्यांच्या पायाकडं बघते, मग उत्तर देते. लेकुरवाळ्यांना एकीकडं पाठवते, मिरवायला आलेल्यांना दुसरीकडं. पण कुणाच्या काखेत लांब, अरुंद स्नोबोर्ड आणि पायात कडक प्लास्टिकचे बूट दिसले, तर ती मान वळवून नीट बघते. ती तिची जात.

या जातीला उड्या मारायच्या नसतात, झाडीत घुसायचं नसतं. फळी धारेवर उभी करायची, अंग इतकं आडवं टाकायचं की कोपर बर्फाला लागावं, आणि मागं बर्फावर सुरीनं ओढल्यासारखी एक बारीक रेघ ठेवायची. ह्यालाच कार्व्हिंग म्हणतात. फळी घसरली, रेघ फाकली, तर ते वळण वाया गेलं. अशी खोऱ्यात आता अकराच माणसं उरलीत. दर गुरुवारी जमतात म्हणून लोक त्यांना गुरुवारची मंडळी म्हणतात, आणि पाठीमागं इस्त्रीच्या फळीवाले.

ह्या मंडळींचा उतार निवडणं म्हणजे सोयरीक जुळवण्याइतकं नाजूक काम. रुंद हवा, मध्येच दुसरी वाट आडवी येता कामा नये, खाली लांबलचक सपाटी नको, नाहीतर एक पाय बोर्डातनं सोडवून लंगडत यावं लागतं. पण झेन्झी ह्याच्याही पुढं जाते. बर्फ सारखा करणारं यंत्र उतारावरनं संध्याकाळी फिरतं की पहाटे, हे ती विचारते. संध्याकाळी फिरलं तर बर्फाला रात्रभर मुरायला मिळतं, सकाळी फणी फिरवल्यासारख्या रेघा कडक उभ्या असतात. पहाटे फिरलं तर नुसता भुगा. मग ती हातमोजा काढते नि बर्फावर नख ओढते. नख थांबलं तर हो. नख बुडालं तर नाही. नख निसटलं तरी नाही, तो बर्फ नव्हे, काच.

मंडळींतला पोस्टातला एगिड दर वर्षी होखब्रांटचं नाव काढतो. तिथं एकशे चाळीस किलोमीटर उतार, गरम गाद्यांच्या पाळण्याच्या लिफ्ट. झेन्झीचं उत्तर ठरलेलं.

“एकशे चाळीस किलोमीटर काय चाटायचेत व्हय? मला आठशे मीटर पुरे हायेत. पन सरळ मनाचे पायजेत.”

हे सगळं तिला शिकवलं तिच्या थोरल्या भावानं, रोमेडनं. तो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. तिच्या सव्विसाव्या वर्षी त्यानं ॲशच्या लाकडाची एक फळी तासली, कडेला लोखंडी पट्टी ठोकली नि दोघं गोठ्यामागच्या कुरणावर गेली. गावानं विचारलं, दरवाजा कुठं घेऊन चाललाय? दोघंही पडून पडून निळीजांभळी झाली. तेव्हाच कळलं, की एका आईची लेकरं असून दोघांचे पाय उलटे. झेन्झीचा डावा पाय पुढं, रोमेडचा उजवा. ह्या बोर्डावर माणूस आडवा उभा असतो, त्यामुळं दोघं शेजारी शेजारी उतरली की त्यांची तोंडं समोरासमोर येत. तेहतीस वर्षं ती दोघं अशीच उतरली, जेवणाच्या टेबलाशी बसल्यासारखी, एकमेकांचं तोंड बघत.

दोन वर्षांमागं रोमेडचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरनं सांगितलं, बोर्डावर जायला हरकत नाही, पण खड्डे नकोत, हादरे नकोत, मऊ चिखलबर्फ तर नकोच नको. रोमेड घरी आला, बोर्ड गवताच्या गंजीमागं टाकला आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसला. तो बसला तो बसलाच. त्याची बायको मोइडल फेब्रुवारीच्या मध्याला बसच्या शेवटच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. उतरायला कुणी नव्हतं, चढायचं तिला नव्हतं. म्हणाली, माणूस दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार मांजराशी. आणि मग खरं काय ते सांगितलं. रोमेड एकदा यायला तयार झालाय. एकदाच. मार्चचा पहिला शनिवार. उतार झेन्झीनं निवडायचा. जमलं तर जमलं, नाही जमलं तर त्या बोर्डाची मोइडलला मुरंब्याच्या बरण्या ठेवायला फळी करून देणार.

“आणि वन्सं,” मोइडल म्हणाली, “मला फळी नगं.”

झेन्झीनं चार दिवस विचार केला आणि कार्लबोडन निवडलं. तिचा स्वतःचा सगळ्यात लाडका उतार. रुंद, पूर्वेकडं तोंड, संध्याकाळी सारखा केलेला, खाली लिफ्टच्या दारातच संपणारा. रोमेडला निरोप धाडला. त्यानं हो म्हटलं, म्हणजे मान हलवली असं मोइडलनं कळवलं.

शनिवारला नऊ दिवस असताना ती कार्लबोडनला खात्री करायला गेली. लिफ्टच्या खुर्चीतनं वर जाताना खाली सहज बघितलं. कुणी एक अनोळखी बाई उतरत होती, चांगली तयारीची, उजवा पाय पुढं. तिच्या मागच्या रेघा झेन्झीला वरनं स्पष्ट दिसल्या. डावीकडच्या वळणाला सुरीची रेघ. उजवीकडच्या वळणाला झाडू ओढल्यासारखा फराटा. पुन्हा सुरी. पुन्हा झाडू. बाई प्रत्येक उजव्या वळणाला थडथड थडथड हादरत होती.

झेन्झीनं खुर्चीतनं वाकून पुन्हा बघितलं. हा उतार डावीकडं कलतो. पस्तीस वर्षांत तिला हे कळलं नव्हतं, कारण कळायचं कारणच नव्हतं. कलत्या उतारावर अवघड असतं ते उजवं वळण, आणि डावा पाय पुढं असणाऱ्याला ते पंजावर येतं. पंजावर माणूस राजा असतो. उजवा पाय पुढं असणाऱ्याला तेच वळण टाचेवर येतं, आणि टाचेवर माणूस आंधळा. सगळा हादरा सरळ गुडघ्यात. ती नेहमी आपल्याच पायानं उतार मोजत आली होती, आणि त्याच मापानं भावाला धाडायला निघाली होती. रोमेडही इथं तिच्याबरोबर यायचा. कधी कुरकुरला नाही, शहाणा, कारण बहिणीचा लाडका उतार.

दुसरा कुणी असता तर एगिडसारखा चौकशी करत बसला असता, कुठला उतार कुठं कलतो म्हणून. झेन्झीनं बसच्या शेडमध्ये स्क्रू ड्रायव्हर घेतला, बोर्डावरच्या बुटाच्या पकडी सोडवल्या नि उलट्या करून आवळल्या. एकसष्टाव्या वर्षी बाई उजवा पाय पुढं टाकून बर्फावर उभी राहिली.

आणि पडली. उभी राहिली, पडली. जिच्या रेघेवरनं पट्टी पारखून घ्यावी, ती बाई चार वर्षांच्या पोरासारखी बुडावर बसून खाली येऊ लागली. पहिल्या दिवशी एगिड लिफ्टच्या खुर्चीतनं वरनं ओरडला, बस चालवायची सोडून आता नांगर धरलास काय? तिनं हात हलवला. घरी जाऊन कमरेला आर्निकाचं मलम चोळलं. दुसऱ्या दिवशी दुसरा उतार. सकाळची फेरी संपली की दुपारची सुरू होईपर्यंतचे तीन तास तिचे. चौथ्या दिवशी उजव्या पायावर पहिलं पुरं वळण बसलं, आणि तेव्हापासनं ती पडण्याऐवजी ऐकू लागली. टाचेखाली बर्फ काय बोलतो ते. एके ठिकाणी मध्येच फुगवटा. दुसरीकडं कल बरोबर, पण यंत्र पहाटे फिरतं. तिसरीकडं सगळं उत्तम, पण काठीची लिफ्ट, जिची काठी ढुंगणाखाली अडकवून उभ्यानं वर जायचं. रोमेडचा गुडघा वर पोचेपर्यंतच संपला असता.

सहाव्या दिवशी ती हिंटरएगला गेली. तिथं कुणी जात नाही. एक उतार, एक लिफ्ट, एक लाकडी खोपट, त्यात पावाच्या गोळ्यांचं सूप. लिफ्ट दोन माणसांच्या खुर्च्यांची, इतकी संथ की वर पोचेपर्यंत माणसाची दाढी वाढते असं म्हणतात. बारा मिनिटं. गुरुवारच्या मंडळींनी तिला केव्हाच नापास केलेलं. झेन्झी त्या खुर्चीत बसली, पाय लोंबत सोडले, आणि तिच्या ध्यानात आलं की बारा मिनिटं गुडघ्याला विसावा मिळतोय. खाली येताना उतार उजवीकडं कलला. हलकाच, पाळणा कलावा तसा. टाच बर्फात बसली ती हललीच नाही.

खाली यंत्राचा ड्रायव्हर क्विरिन पायरीवर श्पेकचा, धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा, तुकडा सुरीनं कापून खात बसला होता. ती त्याच्याशी अर्धा तास बोलली. शुक्रवारी लिफ्ट बंद झाल्या झाल्या, बर्फ दमट असतानाच यंत्र फिरवायचं. आणि हळू फिरवायचं. क्विरिन म्हणाला, मी तसंच फिरवतो, तीस वर्षं झाली, विचारायला आलेली तू पहिली. त्याच संध्याकाळी तिनं मोइडलला उतार बदलल्याचा निरोप धाडला.

शनिवारी सकाळची फेरी बदली ड्रायव्हरवर सोपवून, लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच झेन्झी हिंटरएगला होती. क्विरिननं तिला यंत्रातनं वर सोडलं. नख ओढलं. थांबलं. मग भावाच्या पायानं कडेकडेनं एकदा खाली आली, शेवटची खात्री म्हणून. मग पकडी पुन्हा आपल्या पायाच्या करायच्या, हा बेत. पण स्क्रू ड्रायव्हर बसमध्ये राहिलेला, आणि रोमेड वीस मिनिटं आधीच हजर. मोइडल गाडीतच बसली. म्हणाली, बघवणार नाही.

रोमेडनं फारसं काही विचारलं नाही. कार्लबोडनऐवजी हिंटरएग का, हेही नाही. त्यानं उजवा बूट पकडीत टाकला, झेन्झीनं आपला टाकला आणि खुर्ची दोघांना घेऊन उठली. हवेत दोन बोर्ड लोंबत होते. रोमेडनं खाली बघितलं. मग पुन्हा बघितलं. दोन्ही उजव्या पायांना.

“तुझा पाय चुकलाय.”

“व्हय.”

“स्क्रू ड्रायव्हर न्हाई?”

“बसमधी इसरला.”

 तिच्या हनुवटीवरचा ओरखडा त्यानं बघितला, बसताना ती कूस धरून बसली तेही बघितलं. बारा मिनिटं पुष्कळ असतात. निम्म्या वाटेवर ती कुठल्या कुठल्या उतारावर पडली असेल, हे त्यानं मोजायला सुरुवात केली. एका उताराला हातमोज्यातलं एक बोट. चौथ्या बोटापाशी विचारलं, एवढे? ती म्हणाली, पाच. हा पाचवा. त्यानं हातमोजा गुडघ्यावर ठेवला नि पुढं पाहू लागला.

वर आल्यावर त्यानं दुसरा बूट अडकवला. कितीतरी वेळ उभाच राहिला. झेन्झीनं आपलाही दुसरा बूट अडकवला.  मग तो सुटला.

पहिलं वळण पंजावर. भित्रं, उभ्याउभ्या. दुसरं टाचेवर.  बोर्ड हादरला नाही. तिसऱ्याला तो थोडा खाली बसला, पाचव्याला आणखी, आणि मग सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसाचं अंग असं आडवं झालं, जसं वाऱ्यानं गवत होतं. कोपर बर्फाला लागलं. उठलं. दुसऱ्या बाजूनं पुन्हा लागलं. ती त्याच्या मागोमाग निघाली, उजव्या पायावर, डगमगत, आणि सबंध वाटेवर तिला त्याची पाठ दिसत राहिली. तोंड दिसलं नाही.

खाली तो तिची वाट बघत थांबला होता. ती येऊन पोचली, शेवटच्या वळणाला बुडावर बसून. दोघांनी वर बघितलं. उताराच्या मधोमध दोनच माग होते. एक सुरीचा, वरपासनं खालपर्यंत, दोन्हीकडं सारखा. दुसरा असा, की जणू कुणी म्हैस ओढत खाली आणली.

“ह्यो कुणाचा?” रोमेडनं विचारलं.

“क्विरिनची म्हस आसंल,” झेन्झी म्हणाली.

तो हसला नाही. गाडीपाशी गेला. मोइडलनं काच खाली केली. त्यानं तिच्याकडं गाडीतली हत्यारांची पेटी मागितली नि सांगितलं, दुकानातनं फळी आण, बरण्यांना. मग खोपटाच्या बाकावर बसला, नवा गुडघा नीट लांब पसरला, बहिणीचा बोर्ड मांडीवर आडवा घेतला आणि स्क्रू सोडवू लागला. झेन्झी म्हणाली, दे इकडं, मी करते. त्यानं दिला नाही.

“बस गप,” तो म्हणाला. “तुझा पाय तुझ्या जागी आन. खाली येताना समोर बघतो तर कुणीच न्हाई.”

तिची दुपारची फेरी एक वाजता होती. साडेदहा वाजले होते. वर जाणाऱ्या रिकाम्या खुर्च्या हळूहळू फिरत होत्या, कसलीही घाई नसल्यासारख्या.