सांगतंय कोण?

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी बायको वारली. पुढं मी एक कथा लिहिली आणि टायपिंगला नव्या पेठेत दिली.

तिथला टायपिस्ट मूळचा वैरागचा. माझं लिखाण वर्षानुवर्षं तोच टाइप करतो. कागद हातात घेतले की चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारतो, "सर, सांगतंय कोन?" ते कळल्याशिवाय त्याची बोटं हलत नाहीत. 'मी'च्या गोष्टीत दुसऱ्याच्या मनातलं आलं, की हसतो. "ह्याला कसं कळलं? भिंतीला कान लावलावता व्हय?"

या वेळी मी म्हणालो, "'तो'ची गोष्ट आहे. मी कुठंच नाही."

आठवड्यानं प्रत मिळाली. शेवटच्या पानावर 'त्याच्या बायकोची साडी दोरीवर होती' असं हवं होतं. तिथं 'माझ्या बायकोची' होतं. हस्तलिखितात मीच तसं लिहून गेलो होतो.

"ही चूक राहिली," मी म्हणालो.

"बाकी समद्या काडल्या. ही ठिवली." तो कीबोर्डकडे बघत राहिला. "हितं तुमी खरं बोललाय की, सर."

मी तिथल्याच बाकावर बसून पहिल्या पानापासून 'तो' खोडत आलो.

आता ती कथा मी सांगतो. साडी अजून दोरीवरच आहे.