नऊ घरांत वाटलेलं इंजिन

तोंडवलीच्या गंगाराम तांडेलाकडे रापणीची वाटणी असते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं, आणि ओढणाऱ्या प्रत्येक घराला सारखा वाटा. मुलीच्या सासरचे जेवायला होते त्या दिवशीही या गृहस्थाने घरी एक बांगडा जास्त नेला नाही. बायको जानकी दोन दिवस धुसफुसत होती, पण गंगाराम ढिम्म.

म्हणूनच रापणीत इंजिन आलं तेव्हा त्याने तेही वाटलं. कधीतरी समुद्रात पडलेल्या विमानाचं असावं. मधे गोल गाभा, भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे नऊ सिलिंडर, सगळ्यांवर कालवं चिकटलेली. मोठी मुशी, म्हणजे शार्क, लागली की कापून वाटतात, तसं याने पाना-हातोडा घेऊन इंजिन सोडवलं. सिलिंडर नऊ आणि रापणीत घरंही नऊ, म्हणजे भांडणाला जागाच नाही! गाभा तेवढा जाळी ठेवायच्या मांगरात, त्या सामाईक खोपटात, राहिला. इतकी सरळ वाटणी जन्मात झाली नाही, असं तो सांगत सुटला.

याला पंधराएक वर्षं झाली. यंदा कणकवलीच्या कॉलेजात शिकवणारी रिया किनाऱ्यावर आली आणि रापणीतल्या नर्मदाकाकीच्या खुराड्याच्या दाराला लावलेला सिलिंडर बघून थबकली. फोटो कुणाकुणाला पाठवून, खात्री करून ती पुन्हा आली.

"काका, हे ब्रिटिश इंजिन आहे, ज्युपिटर. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. हे पाण्याने नाही, हवेने थंड व्हायचं. या पातळ पापुद्र्यांमधून वारा जायचा. पूर्ण जोडून तुमच्या शाळेत ठेवू या. बाकीचं कुठंय?"

"वाटलंव," गंगाराम म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटणीची लाज वाटली.

मग तो घरोघर हिंडला. कुणी सिलिंडराला बकरी बांधली होती, कुणी त्याने ताडपत्री दाबली होती. लोकांनी हसत दिले. राहिला एक, महादूचा.

महादू त्याचा लहानपणापासूनचा सोबती. वाटणीनंतरच्याच वर्षी त्याने रापण सोडून स्वतःची एकट्याची मशीनची होडी घेतली. तेव्हा देवळात, सगळ्यांदेखत, गंगाराम म्हणाला होता, "ह्येचा तोंड बघूचंय नाय." आणि खरंच बघितलं नव्हतं. आता त्याच्या दारात जायचं म्हणजे स्वतःच थुंकलेलं गिळायचं. न जावं, तर इंजिन कायमचं थोटं राहणार. तीनदा तो कुंपणापर्यंत जाऊन परतला. चौथ्यांदा आत गेला.

महादू दारापुढच्या खळ्यात जाळं विणत होता. सिलिंडर त्याच्या पायाशीच होता, जाळं ताणून धरायला. गंगारामने काम सांगितलं.

महादूने मान वर केली नाही. "इतक्या वर्सांनी इलंस तो लोखंडासाठी?"

गंगाराम म्हणाला, "लोखंडाचा निमित्त गावला म्हणान इलंय रे. नायतर तुझ्या खळ्यात येवक माका धीर नव्हतो."

महादूच्या हातातली सुई थांबली. मग त्याने आत बायकोला हाक मारली, "तुळसा, च्याय ठेव गो. दोन कप."

गंगाराम सिलिंडर उचलायला वाकला.

"तो खंय पळान जाता?" महादू म्हणाला. "आदी बस."